उरलेलं पाणी

जलविज्ञानाच्या मराठीत एकाच पाण्याला दोन नावं आहेत. पावसाचं पाणी उतारावरून निघून जातं तेव्हा त्याला ‘अपधाव’ म्हणतात. तेच पाणी खाली धरणात पोचलं की त्याचा ‘येवा’ होतो. डोंगरावर उभं राहून बघणाऱ्याला ते निघून जाताना दिसतं, भिंतीवर उभं राहून बघणाऱ्याला येताना. हे दोन्ही शब्द मला मनापासून आवडतात. पण एक गोष्ट दोन्हींत बोलली जात नाही. हे पाणी उरलेलं असतं. आधी हवा घेते, मग माती घेते, मग मुळं घेतात, आणि सगळ्यांचं भागल्यावर जे राहतं तिला आपण नदी म्हणतो.

मला हे कळायला बरीच वर्षं लागली.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे काम होतं ते एका नदीच्या जुन्या नोंदवह्यांमधले आकडे संगणकात भरायचं. तारीख, वेळ, मापनपट्टीवरची पाण्याची पातळी आणि शेवटचा रकाना ‘शेरा’. रोज सकाळी आठ वाजता कुणीतरी काठावर जाऊन पट्टी वाचलेली. अक्षर दर काही वर्षांनी बदलायचं, कारण माणूस बदलायचा. शेऱ्यात क्वचितच काही असे. ‘पाणी गढूळ.’ ‘रात्रीत वाढ.’ ‘लाकडं वाहत आली.’ आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, काही वर्षी, ‘पाणी पट्टीखाली.’ त्या दिवशी पातळीचा रकाना कोरा असायचा. कोरा रकाना मला सहन व्हायचा नाही. मी तिथे शून्य भरत गेले. दोन महिन्यांनी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते पाहिलं आणि मला समोर बसवून शांतपणे सांगितलं, “बाई, पट्टीचं शून्य म्हणजे नदीचं शून्य नव्हे. पट्टी लावणाऱ्याला वाटलं होतं की पाणी याच्या खाली जाणार नाही. एवढाच त्या शून्याचा अर्थ.”

मी ती सगळी शून्यं खोडली. ते वाक्य मात्र राहिलं, आणि पुढे जे काही शिकले ते त्याच्याभोवती गोळा होत गेलं.

सतराव्या शतकापर्यंत युरोपातल्या भल्याभल्या विद्वानांना वाटायचं की नद्या भरतील इतका पाऊस पडतच नाही. समुद्राचं पाणी जमिनीखालच्या वाटांनी डोंगरात चढतं आणि झऱ्यांतून बाहेर येतं, अशी समजूत होती. प्येर पेरो नावाच्या फ्रेंच माणसानं (परीकथांमुळे प्रसिद्ध झालेल्या शार्ल पेरोचा हा भाऊ) सीन नदीच्या उगमाकडच्या भागाचा हिशेब मांडला. तीन वर्षांचा पाऊस एका बाजूला, नदीतून वाहिलेलं पाणी दुसऱ्या बाजूला. १६७४ साली त्यानं तो छापला. पाऊस नदीच्या सहापट निघाला. पाऊस पुरतो एवढंच त्याला दाखवायचं होतं, आणि ते त्यानं दाखवलं. मी तोच आकडा उलट्या बाजूनं वाचते. सहांतले पाच भाग नदीपर्यंत पोचलेच नाहीत.

सगळीकडे इतकंच उरतं असं नाही. थंड, ओल्या, उताराच्या खोऱ्यात अर्ध्याहून जास्त पाऊस नदीत येतो. उष्ण, सपाट, कोरड्या खोऱ्यात दहावा हिस्साही येत नाही. सगळ्या जगाची सरासरी काढली तर जमिनीवर पडलेल्या पावसातला साठ टक्क्यांहून अधिक भाग बाष्पीभवनानं आणि झाडांच्या पानांतून पुन्हा हवेत जातो. उरलेलं, वर्षाला सुमारे ४० हजार घन किलोमीटर, समुद्राकडे जातं. शेती, शहरं, वीज, मासे, त्रिभुज प्रदेश, सगळं या उरलेल्यावर उभं आहे.

आता शिल्लक म्हटली की तिचा एक स्वभाव असतो. घरखर्च चालवणाऱ्या कुणालाही तो माहीत असतो. पगारात थोडी कपात झाली तर खर्च तेवढ्याच प्रमाणात कमी होत नाही, घाव बसतो तो शिल्लकीवर. समजा एका कोरडसर खोऱ्यात १०० भाग पाऊस पडतो, त्यातले ८५ हवा आणि झाडं घेतात, १५ नदीला मिळतात. एका वर्षी पाऊस ९० भागच झाला. तहान काही त्या मानानं कमी होत नाही. झाडं, माती, हवा मिळून ७९ तरी घेतातच. नदीला उरले ११. पाऊस दहा टक्क्यांनी घटला, नदी जवळपास सत्तावीस टक्क्यांनी. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, पण प्रमाण खरं आहे. कोरड्या खोऱ्यांमध्ये पावसातल्या एक टक्का बदलानं प्रवाह दोन ते तीन टक्क्यांनी बदलतो, हे जगात अनेक ठिकाणी मोजलं गेलंय.

ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य टोकाला पर्थ शहर आहे. तिथल्या पावसात १९७० च्या दशकाच्या मध्यापासून घट झाली, पंधरा-वीस टक्क्यांच्या आसपास. ऐकायला हा आकडा काही भयंकर वाटत नाही. शहराच्या धरणांचा येवा पाहिला की तो भयंकर वाटतो. १९११ ते १९७४ या काळात वर्षाला सरासरी ३३८ अब्ज लिटर येत होतं. पुढच्या पंचवीस वर्षांत ते १७७ वर आलं, आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शंभराच्याही खाली गेलं. पाऊस पुन्हा तेवढाच घटला नव्हता, मग नदी अशी का कोसळली? कारण तिथल्या जंगलाखालचं भूजल वर्षानुवर्षं खाली जात राहिलं. पूर्वी भूजलाची पातळी ओढ्याच्या तळाला टेकलेली असे, त्यामुळे पाऊस आला की ओढा लगेच वाहायचा. ती पातळी खाली गेल्यावर ओढा आणि भूजल यांचा संबंध सुटला. आता पाऊस पडतो तो आधी मधली कोरडी माती भिजवण्यात खर्च होतो. शहरानं २००६ मध्ये समुद्राचं पाणी गोडं करायचा पहिला मोठा प्रकल्प सुरू केला, आणि आज त्या पाण्याशिवाय त्याचं चालत नाही.

याहून मला अस्वस्थ केलं ते त्याच देशाच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या एका अभ्यासानं. आग्नेय ऑस्ट्रेलियात १९९७ ते २००९ असा तेरा वर्षांचा दुष्काळ पडला. मग पाऊस परतला. आपला सगळ्यांचा समज असा की पाऊस परतला की नदीही परतते. व्हिक्टोरिया प्रांतातल्या दीडशेहून अधिक पाणलोट क्षेत्रांच्या नोंदी तपासल्यावर २०२१ साली संशोधकांनी दाखवलं की दुष्काळ संपून सात वर्षं झाल्यावरही त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणलोट क्षेत्रं सावरलेली नव्हती. पूर्वीइतकाच पाऊस पडत होता आणि नदीत पूर्वीपेक्षा कमी पाणी येत होतं. झाडं बहुधा जास्त पाणी ओढू लागली होती. हे वाचलं त्या दिवशी मी काम थांबवून बराच वेळ नुसती बसून होते. खोरं म्हणजे एक भांडं, वरून ओतलं की खाली येतं, हे माझ्या मनातलं चित्र होतं. पण खोऱ्याला आठवण असते. लांबलेल्या दुष्काळातून ते वेगळं होऊन बाहेर पडतं.

आत्तापर्यंत मी पावसाबद्दलच बोलत होते. पण हवामान बदलाचा पहिला आणि सगळ्यात खात्रीचा भाग पाऊस नाही, उष्णता आहे. कुठे पाऊस वाढेल, कुठे घटेल, याबाबत हवामानाचा अंदाज मांडणाऱ्या संगणकी प्रारूपांचं अनेक खोऱ्यांत एकमत नाही. तापमान वाढणार याबद्दल मतभेद नाही. हवा एक अंश सेल्सिअसनं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावू शकतं. ही वाढलेली क्षमता म्हणजेच वाढलेली तहान. ती माती, तलाव आणि पानं यांच्याकडून वसूल होते. त्याच सात टक्क्यांची दुसरी बाजू अशी, की भरलेली हवा जेव्हा रिती होते तेव्हा एकदम होते. म्हणून मुसळधार सरींचा जोर वाढतो, आणि दोन सरींमधले कोरडे दिवस जास्त कोरडे होतात. पृथ्वीवरचा एकूण पाऊस मात्र अंशामागे एक ते तीन टक्केच वाढतो. तहान वेगानं वाढते, पाऊस संथपणे, आणि मधल्या फरकाची वसुली शिल्लकीतून होते.

कोलोरॅडो नदीची गोष्ट या बाबतीत सगळ्यांनी नीट वाचावी असं मला वाटतं, कारण तिच्यात माणसांनी चूक कशी केली ते तारखांसह नोंदलेलं आहे. १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या सात राज्यांनी या नदीच्या वाटपाचा करार केला. वरच्या खोऱ्याला वर्षाला ७५ लाख एकर-फूट (एक एकर जमिनीवर फूटभर उभं राहील एवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट), खालच्या खोऱ्याला ७५ लाख. १९४४ साली मेक्सिकोशी तह झाला, त्यात आणखी १५ लाख द्यायचं ठरलं. पण करारापूर्वीची जी थोडी वर्षं मोजलेली होती, ती नेमकी विलक्षण ओली होती. पुढे जुन्या झाडांच्या वाढवलयांवरून काही शतकांचा प्रवाह आजमावला गेला, तेव्हा दिसलं की विसाव्या शतकाची सुरुवात हा त्या नदीच्या सगळ्यात भरभराटीच्या काळांपैकी एक होता. नदी चांगली कमावत असताना वाटणी झाली आणि ती कमाई कायमची धरली गेली.

त्यावर उष्णता आली. २००० ते २०१४ या वर्षांत कोलोरॅडोचा प्रवाह विसाव्या शतकाच्या सरासरीपेक्षा १९ टक्क्यांनी कमी राहिला. ब्रॅड उडाल आणि जोनाथन ओव्हरपेक या शास्त्रज्ञांनी २०१७ साली हिशेब मांडला की यातला सुमारे एक तृतीयांश वाटा कमी पावसाचा नाही, वाढलेल्या तापमानाचा आहे. तीन वर्षांनी मिली आणि डन या संशोधकांनी त्यामागची एक साखळी उलगडली. बर्फ पांढरा असतो, ऊन परतवून लावतो. तो लवकर वितळला की खालची काळपट जमीन उघडी पडते, ऊन शोषते आणि ती उष्णता मातीतलं पाणी उडवण्यात खर्च होते. त्यांच्या अंदाजानं एका अंशामागे नदी सुमारे नऊ टक्क्यांनी आटते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्या नदीच्या खालच्या खोऱ्यात इतिहासात प्रथमच अधिकृत तूट जाहीर झाली. करारातले आकडे अजून तेच आहेत.

बर्फाचं मोल कळतं ते वेळेच्या हिशेबात. हिवाळ्यात पडलेला बर्फ डोंगरावर थांबतो आणि नेमका उन्हाळ्यात, पिकांना गरज असते तेव्हा उतरतो. हे धरण कुणी बांधलेलं नाही, त्यासाठी कुणाचं गाव उठवलेलं नाही. जगातल्या सहाव्या हिश्श्याहून अधिक लोकांचं पाणी हिमनद्या आणि हंगामी बर्फ यांच्यावर अवलंबून असल्याचं २००५ साली मांडलं गेलं होतं. तापमान वाढलं की दोन गोष्टी होतात. जे बर्फ म्हणून पडायचं ते पाऊस म्हणून पडतं आणि थांबत नाही. जे थांबतं ते लवकर वितळतं. पश्चिम अमेरिकेतल्या अनेक नद्यांमध्ये वसंतातलं वितळणीचं पाणी विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या पन्नास वर्षांत एक ते चार आठवडे अलीकडे सरकलं. वर्षाचा एकूण आकडा बघणाऱ्याला यात काहीच बिघडलेलं दिसणार नाही. वार्षिक सरासरीवर माझा राग आहे तो म्हणूनच. मार्चमध्ये आलेलं पाणी जूनच्या पिकाला चालत नाही.

हिमनद्यांबाबत तर आकडा चक्क फसवतो. हिमनदी आकसू लागते तेव्हा नदीचं पाणी आधी वाढतं, कारण मूळ ठेवच मोडली जात असते. काही दशकं असंच चालतं. मग एक शिखर येतं, आणि त्यानंतर उतार लागतो तो पुन्हा वर न येण्यासाठी. पेरूमधल्या कोर्डिलेरा ब्लांका पर्वतातल्या बऱ्याच नद्यांनी हे शिखर कधीच ओलांडलंय. हिंदुकुश-हिमालयाच्या बऱ्याच खोऱ्यांत ते या शतकाच्या मध्याच्या सुमारास येईल असा अंदाज आहे. तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी तिथल्या हिमनद्यांचा तिसरा हिस्सा शतकाअखेर जाईल, असं २०१९ च्या मोठ्या मूल्यमापनात म्हटलंय. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांना पावसाचा आधार मोठा आहे. सिंधूला तेवढा नाही, तिचा जीव वितळणीच्या पाण्यात जास्त अडकलेला. ठेव मोडून चाललेल्या घरात त्या काळात हात सैल असतो. नवे कालवे, नवी पिकं, नवी वस्ती, सगळं त्याच वर्षांत उभं राहतं. मला भीती वाटते ती या चांगल्या वर्षांची.

सगळीकडे पाणी घटतंच आहे असं मात्र नाही. आर्क्टिक समुद्राला मिळणाऱ्या युरेशियातल्या सहा सर्वांत मोठ्या नद्यांचा प्रवाह १९३६ ते १९९९ या काळात सात टक्क्यांनी वाढला. वायव्य युरोपात पूर मोठे होतायत, तर दक्षिण आणि पूर्व युरोपात लहान, कारण दक्षिणेत माती पुराच्या हंगामात पूर्वीपेक्षा सुकलेली असते आणि पूर्वेत वितळायला बर्फच कमी असतो. जोराचा पाऊस आणि मोठा पूर यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नाही. छोट्या ओढ्याला आणि डांबर-काँक्रीटनं झाकलेल्या शहराला जोराची सर पुरते. मोठ्या खोऱ्यात पूर येण्यासाठी माती आधीच भिजलेली असावी लागते. आणि कार्बन डायऑक्साइड वाढला की झाडं पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, थोडी मिटून घेतात, पाणी वाचवतात, त्यातलं काही नदीला मिळतं. उलट हवा उबदार झाल्यानं हिरवाई वाढते, हंगाम लांबतो, ती जास्त पिते. यातलं कुठलं पारडं कुठे जड, ते खोऱ्यागणिक ठरतं.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण हल्ली ती सोयीनं विसरली जाते. नदी आटली की हवामान बदलाकडे बोट दाखवणं सोपं झालंय. चीनमधली पीत नदी १९९७ साली मुखाजवळ २२६ दिवस वाहिलीच नाही. त्यात दुष्काळाचा भाग होता, पण मोठा भाग वरच्या अंगाला झालेल्या उपशाचा होता. पुढे सोडण्याचे नियम कडक केल्यावर ती पुन्हा समुद्रापर्यंत पोचू लागली. मध्य आशियातला अरल समुद्र आटला तो आधी कापसाच्या कालव्यांनी. शिल्लक दोन बाजूंनी खाल्ली जाते, वरून तापलेली हवा खाते आणि खालून आपण. हवेनं किती खाल्लं याचा हिशेब जितका चोख मागायचा, तितकाच आपल्या पंपांचाही मागितला पाहिजे.

पाण्याच्या नियोजनाची पद्धत शिकवली जाते ती अशी. मागच्या तीस, पन्नास, मिळाली तर शंभर वर्षांचा येवा घ्यायचा, उतरत्या क्रमानं लावायचा, आणि चारांपैकी तीन वर्षं ज्याहून कमी होत नाही तो आकडा शोधायचा. हा ७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा. त्यावर धरणाची उंची, कालव्याची लांबी, भिजणारं क्षेत्र. मीही असे तक्ते कितीतरी केले. या सगळ्याखाली एक न बोललेलं गृहीतक असतं, की नदीचा स्वभाव बदलत नाही. वर्षं खालीवर होतील, पण ज्या टोपलीतून ती निघतात ती टोपली तीच. २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सात शास्त्रज्ञांनी एका लहानशा लेखात लिहिलं की हे गृहीतक आता मेलं आहे. ते वाचताना मला माझे तक्ते आठवले. उतरत्या क्रमानं लावताना मी वर्षांवरच्या तारखा पुसून टाकत होते. कमी येव्याची वर्षं यादीत खाली जाऊन बसत. ती एकापाठोपाठ एक, शेवटच्या काळातच आली होती का, हे त्या यादीत दिसायची सोयच नव्हती. आता मी कुठलाही तक्ता करताना तारखांचा रकाना शेवटपर्यंत ठेवते.

यावर उपाय म्हणून नवी प्रारूपं येतात, उपग्रह येतात. २००२ पासून गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक टिपून जमिनीखालचं पाणी तोलणारे जुळे उपग्रह वर फिरू लागले, त्यांनी खूप काही दाखवलं. पण काठावर जाऊन पट्टी वाचणाऱ्या माणसाची जागा कुणी घेऊ शकलेलं नाही, आणि जगात अनेक ठिकाणी सरिता मापन केंद्रं बंद पडतायत. खर्च वाचतो म्हणून. नदी बदलत असताना तिच्याकडे बघणं थांबवायचं, याचं मला फार वाईट वाटतं.

जुन्या लोकांनी कागदाशिवायही नोंदी ठेवल्या. मध्य युरोपातल्या एल्ब नदीच्या पात्रात मोठे दगड आहेत, पाणी अगदी खाली गेल्यावरच दिसणारे. दुष्काळाची सालं त्यावर कोरलेली आहेत. चेक देशातल्या ड्येचिन गावाजवळच्या दगडावरचं वाचता येणारं सगळ्यात जुनं साल १६१६. त्यावर जर्मन भाषेत एक ओळही आहे, ‘मला पाहशील तेव्हा रड.’ २०१८ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात तो दगड उघडा पडला होता. त्याच २०१८ च्या ऑक्टोबरात ऱ्हाइन नदीवर जर्मनीतल्या काउब इथली पट्टी २५ सेंटिमीटरपर्यंत उतरली आणि मालाची जहाजं थोडाथोडा माल घेऊन चालू लागली. तिथेही पट्टीचं शून्य म्हणजे तळ नाही. जहाजांच्या वाटेत त्याखाली मीटरभर पाणी होतं. पण त्या खालच्या पाण्यावर कुणी व्यापार ठरवलेला नव्हता.

ज्या नदीच्या वह्या मी भरल्या होत्या, तिच्या काठावर मी कितीतरी वर्षांनी गेले. पट्टी वाचणारे काका नवे होते, पण सकाळचे आठ तेच होते. काँक्रीटच्या पायऱ्यांवर जुनी पट्टी उभी होती, पांढऱ्या रंगावर काळे आकडे, खालच्या टोकाला शून्य. त्या शून्याच्या खाली दोन हात लांबीची नवी पट्टी ठोकलेली दिसली. तिच्यावरचा रंग अजून चकचकीत होता. आकडे वरून खाली वाढत गेले होते आणि प्रत्येकाच्या आधी उणे चिन्ह होतं. काका दोन पायऱ्या खाली उतरले, वाकून पाहिलं, वहीत उणे चाळीस लिहिलं. शेऱ्याचा रकाना त्यांनी कोरा ठेवला.